हीट अलाउन्स

रबाळ्याच्या कंपनीत बॉयलरवर एकतीस वर्षं काढली.
तिथे भिंतीला थर्मामीटर होता,
दर दोन तासांनी आकडा वहीत लिहायचा, खाली सही.
चाळीसच्या वर गेला की ताक यायचं स्टीलच्या बादलीतून
आणि पगाराच्या चिठ्ठीवर एक ओळ :
हीट अलाउन्स, एकशे ऐंशी रुपये.

रिटायर झालो त्या चैत्रात गुलाब म्हणाली,
जरा भाकरीवर लक्ष ठेवा, पाणी आलंय.
मी अकरा मिनिटं उभा होतो.
मोजली, कारण मोजायची सवय.
एकच खिडकी, तीही शेजारच्या भिंतीला नाक लावून,
वर स्लॅब, दुपारभर प्यालेलं ऊन
संध्याकाळी ओकणारा.
सही करायला वही नव्हती.

दुसऱ्या दिवशी परसात गेलो.
गोठिवलीत परस आता कितीसं उरलंय,
टाकीपासून शेवग्यापर्यंत चौदा फूट, रुंदी नऊ,
पलीकडे बाळाराम केण्याच्या चार मजल्यांची पाठ.
कोळशाच्या तुकड्याने सावलीच्या रेघा मारत बसलो,
दहाची, बाराची, दोनची, चारची.
नातू म्हणाला, आजा म्हातारपणी लंगडी खेळणार.

खरी अडचण एकच.
वारा येतो खाडीकडून, दुपारी दोननंतर,
आणि ऊनही त्याच बाजूने.
हात धरून आलेले दोन पाहुणे,
एकाला आत घ्यायचं, दुसऱ्याला दारातच थांबवायचं.
तीन रात्री कागद खराब केले.
मल्लाप्पा गवंडी, विजापूरचा, विडी विझवून म्हणाला,
वीट सोडून वीट लावू.
भिंत पण होते, चाळण पण.

मग बाकीचं.
कडाप्पा नको, उन्हात तवा होतो. शहाबादी घ्या.
पत्रा नको.
तळवलीत एक घर पाडत होते, तिथून कौलं आणली, दोनशे दहा,
त्यातली चौदा टेंपोतच फुटली.
माथ्याला वीतभर फट, गरम हवेला निघून जायला.
सिलिंडर सावलीत, चुलीपासून लांब.
चूल मात्र हवीच, गुलाब म्हणाली,
सुकट गॅसवर भाजली की तिला राग येतो.
चुलीचं तोंड उत्तरेला.
म्हणजे धूर पूर्वेला,
म्हणजे केण्यांच्या दोरीवरच्या साड्यांना.
त्यावर तीन दिवस बोलणी,
आणि शेवटी डबाभर निवट्यांचं कालवण.

ओट्याला मल्लाप्पाने टेप लावली.
बत्तीस इंच, सगळीकडे हेच असतं, मी म्हणालो.
तो थांबला. उभं कोण राहणार इथं?
गुलाब आली, हात पुसत.
कोपर वाकवा, म्हणाला.
ती उंच आहे.
लग्नात माझ्या भावांनी त्यावरून चिडवलं होतं,
तेवढीच मला तिची उंची माहीत.
कोपराखाली चार बोटं : छत्तीस.
खडूची खूण केली.
ती त्या खुणेकडे बघत राहिली.
"मना कोनी इचारला नाय कदी."
आणि हात कंबरेवर गेला, डाव्या बाजूला,
जिथे रोज रात्री ती बाम लावते.
मी वयाचं समजत होतो.

काम संपलं तेव्हा वैशाख अर्धा उरला होता.
स्टोअरमधून मागून आणलेला थर्मामीटर
मी खिळ्याला लावला.
तिने दोन दिवस ठेवला.
तिसऱ्या दिवशी खिळ्यावर झारा.

चाळणीच्या भिंतीतून उन्हाचे चौकोन
तिच्या पाठीवर पडतात, पण लहान, आणि सरकतात.
पावसाचं काय ते अजून ठरलं नाही.
ताडपत्री म्हणतो मी, ती नुसती हसते.

काल चार वाजता मी ताक घुसळलं,
स्टीलच्या बादलीत, आलं ठेचून,
आणि नेऊन दिलं, न बोलता.
तिने एक घोट घेतला.
मीठ कमी आहे, म्हणाली,
आणि बादली जवळ ओढली.